परदेशात शेअरिंगच्या घरात राहायला जाताना: आरोग्याची घडी कशी बसवाल?

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी कोणी परदेशी निघाले की घरात औषधांची एक पिशवी हमखास तयार होते. तापाच्या गोळ्या, ओआरएसची पाकिटे, बाम, आल्याच्या वड्या. ती उपयोगाची आहेच. पण तिथे गेल्यावर सर्वांत जास्त उणीव भासते ती आपल्यावर लक्ष ठेवणाऱ्या माणसांची. घरी तुम्ही जेवला नाहीत तर कोणीतरी विचारते. सकाळी दहापर्यंत उठला नाहीत तर दार वाजवले जाते. खोकला लांबला, वजन उतरले, अंगावर पुरळ उठले, तर ते तुमच्या आधी आईच्या लक्षात येते. शेअरिंगच्या घरात चार-पाच अनोळखी माणसे आपापल्या खोलीचे दार लावून राहतात. तुम्ही दोन दिवस दिसला नाहीत तर बाकीच्यांना वाटते, अभ्यास चालू असेल किंवा मित्राकडे गेला असाल.

त्यामुळे अशा घरात गंभीर आजार सापडायला उशीर होऊ शकतो. हा उशीर टाळता येतो. त्यासाठी घरी जे आपोआप होत होते ते पहिल्या महिन्यात ठरवून उभे करावे लागते: डॉक्टरकडे नोंद, घराची तपासणी, आणि तुमच्या तब्येतीची माहिती असलेला घरातला निदान एक माणूस.

या लेखात उदाहरण म्हणून ब्रिटन, आणि त्यातही इंग्लंड, घेतले आहे. महाराष्ट्रातून अनेक विद्यार्थी लंडन, बर्मिंगहॅम, मँचेस्टर, लीड्स अशा शहरांत जातात आणि बहुतेक जण शेअरिंगच्या घरातच राहतात. दुसऱ्या देशात नियम आणि फोन क्रमांक वेगळे असतील. घरातले धोके आणि आजारांची लक्षणे मात्र तीच आहेत.

निघण्यापूर्वी

औषधांची यादी. तुमची रोजची औषधे ब्रँडच्या नावाने नव्हे, तर मूळ औषधाच्या नावाने लिहून घ्या. भारतातील ब्रँड तिथल्या डॉक्टरांना माहीत नसतात. डोस मिलिग्रॅममध्ये लिहा. डॉक्टरांच्या सहीची चिठ्ठी इंग्रजीत घ्या, आणि औषधे मूळ पाकिटात, केबिन बॅगेत ठेवा. झोपेची औषधे, कोडीन असलेली औषधे, एकाग्रतेसाठी दिली जाणारी काही औषधे यांवर तिथे कडक नियंत्रण आहे. ती नेण्याआधी त्या देशाचा नियम जरूर पाहा.

लसीकरण. गोवर, गालगुंड आणि रुबेला यांच्या एकत्रित लसीचे दोन डोस झाले आहेत का ते पाहा. भारताच्या सरकारी लसीकरणात गोवर-रुबेलाची लस मिळते, त्यात गालगुंडाचा समावेश नसतो. त्यामुळे जुने कार्ड नीट वाचा. मेंदूच्या आवरणाच्या संसर्गाविरुद्ध असलेली मेन-ए-सी-डब्ल्यू-वाय ही लस ब्रिटनमध्ये पहिल्यांदा विद्यापीठात जाणाऱ्या २५ वर्षांखालील परदेशी विद्यार्थ्यांनाही मोफत मिळते. ती घ्या. लसीकरणाच्या कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा.

दात आणि डोळे. किडलेला दात भरून घ्या, चष्म्याचा नंबर तपासा आणि चष्म्याची एक जास्तीची जोडी न्या. तिथे बहुतेक प्रौढांना दात आणि चष्मा यांसाठी पैसे मोजावे लागतात, आणि दातांच्या डॉक्टरांची सरकारी सेवेतील वेळ अनेक ठिकाणी लवकर मिळत नाही.

पहिला आठवडा: जीपीकडे नाव नोंदवा

ब्रिटनमध्ये आपल्यासारखे थेट कोणत्याही तज्ज्ञाकडे जाता येत नाही. आधी जीपी, म्हणजे आपल्या भागातील फॅमिली डॉक्टर, आणि गरज असेल तर त्यांच्या चिठ्ठीने तज्ज्ञ, असा क्रम आहे. जीपीच्या दवाखान्यात नाव नोंदवणे मोफत आहे. त्यासाठी पत्त्याचा पुरावा किंवा ओळखपत्र असलेच पाहिजे अशी अट नाही. म्हणजे भाडेकरार अजून हातात आला नसेल तरी नोंदणी करता येते.

अनेक विद्यार्थी 'आजारी पडलो की बघू' म्हणून हे पुढे ढकलतात. मग डिसेंबरमध्ये १०२ ताप असताना अंथरुणात पडून अर्ज भरण्याची वेळ येते. घर बदलले आणि दुसऱ्या भागात गेलात तर नवीन जीपीकडे पुन्हा नोंद करा.

आणखी एक गैरसमज खर्चाचा. 'तिकडे डॉक्टर फार महाग, पोटात दुखले तरी इथूनच औषध विचार' असे घरचे सांगतात. सहा महिन्यांपेक्षा जास्त मुदतीच्या व्हिसासाठी अर्ज करताना विद्यार्थ्यांनी आरोग्य अधिभार आधीच भरलेला असतो. २०२४ पासून तो विद्यार्थ्यांसाठी वर्षाला ७७६ पौंड आहे. त्यामुळे जीपीला दाखवणे, रुग्णवाहिका, अपघात विभाग, रुग्णालयात दाखल होणे यांचे वेगळे बिल येत नाही. इंग्लंडमध्ये चिठ्ठीवरच्या प्रत्येक औषधाला सुमारे १० पौंड पडतात. मधुमेहाची औषधे, अपस्माराची म्हणजे फिट्सची औषधे किंवा थायरॉइडची कमतरता भरून काढणाऱ्या गोळ्या चालू असतील तर सूट देणारे प्रमाणपत्र मिळते. जीपीकडे त्याचा अर्ज मागा. बिलाच्या भीतीने घरी थांबू नका.

कोणाकडे कधी जायचे, ते असे:

- फार्मसी: घसा दुखणे, सायनसचा त्रास, स्त्रियांमधील लघवीची साधी जळजळ अशा काही तक्रारींवर इंग्लंडमधील बहुतेक फार्मासिस्ट तपासून औषध देऊ शकतात. मात्र चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक विकत मिळत नाही.
- जीपी: लांबलेला खोकला, वजन घटणे, रोजची औषधे, मानसिक त्रास.
- १११: त्रास बराच आहे, पण कुठे जावे ते कळत नाही. हा फोन मोफत आहे आणि २४ तास चालतो.
- ९९९: जिवाला धोका.

पॅरासिटामॉलची बेरीज

शेअरिंगच्या घरात हा धोका सहज घडतो. तुम्ही भारतातून ६५० मिलिग्रॅमच्या गोळ्या नेलेल्या असतात, तिथल्या दुकानात ५०० च्या मिळतात, आणि फ्लॅटमेट सर्दीसाठी गरम पाण्यात घालायची पावडर देतो. या तिन्हींत पॅरासिटामॉल असू शकते. प्रौढ व्यक्तीने २४ तासांत एकूण ४ ग्रॅमपेक्षा जास्त घेऊ नये. म्हणजे ५०० च्या जास्तीत जास्त ८ किंवा ६५० च्या ६ गोळ्या, आणि दोन डोसांत किमान ४ तासांचे अंतर. वजन ५० किलोपेक्षा कमी असेल किंवा यकृताचा आजार असेल तर ही मर्यादा आणखी कमी असते, ती डॉक्टरांना किंवा फार्मासिस्टला विचारा. चुकून जास्त गेले तर बरे वाटत असले तरी थांबू नका, लगेच १११ ला फोन करा. यकृताला झालेली इजा पहिल्या दिवशी जाणवत नाही.

घर ताब्यात घेताना: बॉयलर आणि अलार्म

भाडे, बसस्टॉप आणि वायफाय पाहून झाले की दोन गोष्टी स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.

पहिली, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म. तिथल्या अनेक घरांत पाणी आणि खोल्या गरम करायला गॅसवर चालणारा बॉयलर असतो. तो बिघडला किंवा हवा कोंडली तर कार्बन मोनॉक्साइड हा वायू तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. लक्षणे फ्लूसारखी असतात: डोके दुखणे, मळमळ, चक्कर, गळून जाणे. पण ताप नसतो. घरातल्या दोघातिघांना एकाच वेळी डोकेदुखी सुरू झाली, आणि बाहेर गेल्यावर बरे वाटते, तर आधी या वायूचा संशय घ्या. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका. या विषबाधेत त्याचा आकडा खोटाच चांगला दिसतो.

अशा वेळी बॉयलर बंद करा, खिडक्या उघडा, सगळ्यांना घेऊन घराबाहेर पडा आणि गॅसच्या आपत्कालीन क्रमांकावर, ०८०० १११ ९९९ वर, फोन करा. कोणी बेशुद्ध असेल किंवा गुंगीत असेल तर ९९९. बरे वाटले तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

इंग्लंडमध्ये राहत्या खोलीत गॅसचा बॉयलर किंवा शेगडीसारखे बसवलेले उपकरण असेल तर हा अलार्म लावणे घरमालकावर १ ऑक्टोबर २०२२ पासून बंधनकारक आहे. फक्त स्वयंपाकाची गॅस शेगडी या नियमातून वगळली आहे. गॅसच्या उपकरणांची दर वर्षी तपासणी करून तिचा कागद भाडेकरूला देणेही त्याच्याकडेच आहे. तो कागद मागायला संकोच करू नका.

दुसरी, धुराचा अलार्म. प्रत्येक मजल्यावर तो हवा. फोडणी दिली की तो ओरडतो, सगळे खोलीबाहेर येतात आणि आपल्याला ओशाळल्यासारखे होते. मग कोणीतरी त्याला प्लॅस्टिकची पिशवी बांधतो किंवा बॅटरी काढून ठेवतो. हे कधीही करू नका. फोडणी देताना एक्झॉस्ट पंखा लावा, स्वयंपाकघराचे दार बंद ठेवा, खिडकी उघडा, तेल धुरावू देऊ नका आणि मोहरी तडतडताना झाकण ठेवा. उदबत्ती लावून खोलीबाहेर जाऊ नका.

खोली किती लहान चालते, यालाही मर्यादा आहे. इंग्लंडमध्ये पाच किंवा जास्त भाडेकरू असलेल्या शेअरिंगच्या घराला परवाना लागतो. अशा घरात एका प्रौढाच्या झोपायच्या खोलीचे क्षेत्रफळ किमान ६.५१ चौरस मीटर, म्हणजे साधारण ७० चौरस फूट, आणि दोघांसाठी १०.२२ चौरस मीटर हवे. पैसे वाचवण्यासाठी एका खोलीत चौघे राहत असतील, तर खोकल्यापासून खरजेपर्यंत सगळेच आजार वेगाने पसरतात.

ओल, बुरशी आणि थंडी

आपल्याकडे कोकणातल्या पावसाळ्यात भिंतींना ओल येते. तिथे ती हिवाळ्यात, बंद खिडक्यांच्या आत येते. स्वयंपाकाची वाफ, आंघोळीची वाफ आणि खोलीतच वाळत घातलेले कपडे यांतील पाणी थंड भिंतीवर आणि काचेवर जमते. काही आठवड्यांत कोपऱ्यात काळे ठिपके दिसू लागतात. ही बुरशी आहे. तिच्यामुळे शिंका, नाक बंद होणे आणि खोकला सुरू होतो. दमा असलेल्यांना ती जास्त त्रासदायक ठरते.

हा विषय किरकोळ नाही. इंग्लंडमधील रॉचडेल येथे बुरशीने भरलेल्या घरात राहणाऱ्या दोन वर्षांच्या मुलाचा डिसेंबर २०२० मध्ये मृत्यू झाला. घरातील बुरशीमुळे श्वसनाचा गंभीर आजार होऊन हा मृत्यू झाल्याचे २०२२ मधील न्यायिक चौकशीत नोंदले गेले.

तुम्ही काय करू शकता?

- आंघोळीनंतर आणि स्वयंपाक करताना पंखा चालू ठेवा, दार बंद ठेवा.
- रोज सकाळी दहा-पंधरा मिनिटे खिडकी उघडा, थंडी असली तरी.
- कपडे बाथरूममध्ये पंखा लावून किंवा लाँड्रीत वाळवा, झोपायच्या खोलीत नको.
- कपाट आणि पलंग बाहेरच्या भिंतीला अगदी चिकटवू नका.
- ठिपके वाढत असतील तर फोटो काढून, तारीख टाकून घरमालकाला लेखी कळवा.

हीटिंगच्या बिलावरून शेअरिंगच्या घरात भांडणे होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार थंड हवामानात घरातील तापमान निदान १८ अंश सेल्सिअस असावे. घरात बसल्यावर एवढे तरी असेल असे पहिल्याच बैठकीत सर्वांनी मिळून ठरवा. गॅसची शेगडी पेटवून खोली गरम करू नका. त्यातून पुन्हा कार्बन मोनॉक्साइडचाच धोका येतो.

हिवाळ्यात लंडनमध्ये दुपारी चारच्या आतच सूर्य मावळतो. त्वचेला ड जीवनसत्त्व तयार करण्याइतके ऊन तिथे शरद आणि हिवाळ्यात मिळत नाही. म्हणून तिथली आरोग्यव्यवस्था या काळात सर्वांना रोज १० मायक्रोग्रॅम, म्हणजे ४०० युनिट, ड जीवनसत्त्व घेण्याचा विचार करायला सांगते. सावळ्या आणि गडद त्वचेच्या लोकांना हाच सल्ला वर्षभरासाठी आहे. शाकाहारी असाल आणि दूध-दही कमी झाले असेल, तर ब-१२ ची पातळीही तपासून घ्या.

स्वयंपाकघर: भात, फ्रिज आणि भांडी

रविवारी एकदाच कुकर लावायचा आणि आठवडाभर खायचे, हा अनेकांचा पहिला बेत असतो. वरण, उसळ, भाजी फ्रीझरमध्ये ठेवून हे जमते. भाताच्या बाबतीत सावध राहा. तांदळातील काही जिवाणूंचे बीजाणू शिजवल्यावरही टिकतात. भात ओट्यावर तसाच राहिला की ते वाढून विष तयार करतात, आणि ते विष पुन्हा गरम करून जात नाही. त्यातून उलट्या-जुलाब होतात. म्हणून भात शक्य तो तासाभरात निववून फ्रिजमध्ये ठेवा, २४ तासांत संपवा, आणि एकदाच, वाफ येईपर्यंत गरम करा.

सामाईक फ्रिज ५ अंश किंवा त्याहून कमी तापमानावर हवा. तुमचा कप्पा ठरवून घ्या. कच्चे मांस बंद डब्यात, सर्वांत खालच्या कप्प्यात ठेवायचे हा नियम शाकाहारी-मांसाहारी वादापेक्षा जंतूंसाठी महत्त्वाचा आहे. तो त्याच कारणाने समजावून सांगितलात तर कोणी रागावत नाही.

एकाचा आजार, सगळ्यांचे घर

उलट्या-जुलाब. थंडीत तिथे नोरोव्हायरसची साथ येते. हात साबणाने धुवा, नुसत्या सॅनिटायझरने हा विषाणू पुरेसा जात नाही. संडासचे हँडल, नळ आणि सीट ब्लीच असलेल्या क्लीनरने पुसा. उलट्या-जुलाब थांबल्यावरही ४८ तास इतरांसाठी स्वयंपाक करू नका.

खरूज. रात्री वाढणारी खाज, बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेभोवती बारीक फोड. शेअरिंगच्या घरात ही सहज पसरते, आणि लाजेमुळे कोणी सांगत नाही. खरूज म्हणजे अस्वच्छता नव्हे. एकट्याने मलम लावून ती जात नाही. घरातील सर्वांनी, खाज नसली तरी, एकाच दिवशी औषध लावायचे आणि साधारण आठवड्याने पुन्हा लावायचे. कपडे आणि चादरी गरम पाण्यात धुवायच्या. उपचारानंतरही काही आठवडे खाज राहू शकते. टॉवेल आणि रेझर एकमेकांचे वापरू नका.

लांबलेला खोकला. ब्रिटनच्या सहा महिन्यांपेक्षा जास्त मुदतीच्या व्हिसासाठी भारतीयांना छातीचा एक्स-रे काढून क्षयाची तपासणी करावी लागते. तो एक्स-रे चांगला आला म्हणजे पुढे क्षय होणारच नाही असे नाही. जंतू शरीरात सुप्त असू शकतात आणि नंतर जागे होऊ शकतात. तीन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, रात्री घाम, वजन घटणे यांपैकी काही असेल तर जीपीला दाखवा आणि 'मी भारतातून आलो आहे' हे सांगा. क्षयाची तपासणी आणि उपचार तिथे सर्वांना मोफत आहेत. आजार निघाला म्हणून व्हिसा जाईल, या भीतीने तो लपवू नका.

ताप आलेल्या फ्लॅटमेटला एकटे झोपू देऊ नका

हा भाग घरातल्या सर्वांनी वाचावा. मेनिन्जायटिस म्हणजे मेंदूच्या आवरणाला संसर्गाने येणारी सूज, आणि त्याबरोबर कधी रक्तातही जंतू पसरतात. हा आजार दुर्मीळ आहे, पण होस्टेल आणि शेअरिंगच्या घरांत राहणाऱ्या तरुणांना त्याचा धोका जास्त असतो. सुरुवात अगदी फ्लूसारखी होते. काही तासांत माणूस अत्यवस्थ होऊ शकतो. बाकीचे समजतात, काल पार्टी झाली, झोपू दे.

ताप, जोराची डोकेदुखी, मान आखडणे, उजेड सहन न होणे, उलट्या, गोंधळलेले बोलणे, हातपाय गार पडणे यांपैकी काही लक्षणे दिसली आणि प्रकृती वेगाने ढासळत असेल तर ९९९ ला फोन करा. काचेचा ग्लास दाबूनही न जाणारे लाल-जांभळे ठिपके दिसले तर नक्कीच. आपल्या त्वचेवर हे ठिपके चटकन दिसत नाहीत. तळहात, तळपाय, पापण्यांच्या आत आणि टाळूवर पाहा. पुरळ येण्याची वाट पाहू नका. ते शेवटी येते, किंवा येतही नाही. आधी सांगितलेली लस घेतली असली तरी ती ब गटाच्या जंतूविरुद्ध संरक्षण देत नाही, म्हणून लक्षणे ओळखणे गरजेचेच आहे.

घरात कोणालाही ताप असेल तर साधा नियम करा: दर दोन-तीन तासांनी दार वाजवायचे, रात्रीही एकदा उठवून बोलायचे. नीट उत्तर देता येते का, हे पाहणे हीच तपासणी आहे.

मधुमेह, फिट्स, दमा किंवा अ‍ॅलर्जी असेल तर

आपल्याकडे असे आजार घराबाहेर सांगायची पद्धत नाही. विशेषतः मुलींच्या बाबतीत आई-वडील 'कोणाला सांगू नकोस' असे बजावून पाठवतात. त्यामागची काळजी समजण्यासारखी आहे. पण शेजारच्या खोलीतला माणूसच तुमच्यापर्यंत सर्वांत आधी पोहोचणार आहे. सगळा इतिहास सांगायची गरज नाही. निदान एका विश्वासू फ्लॅटमेटला तीन वाक्ये सांगा: मला काय आहे, त्रास झाला तर मी कसा दिसेन, आणि तेव्हा काय करायचे.

- इन्सुलिन घेणारे: घाम, थरथर, चिडचिड, असंबद्ध बोलणे म्हणजे साखर कमी झाली. शुद्धीत असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून द्यावी. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नये, ९९९. उलट्या, पोटदुखी आणि जोरजोरात श्वास हे साखर फार वाढल्याचे लक्षण असू शकते, त्यासाठी लगेच रुग्णालय. खाणे जात नाही म्हणून इन्सुलिन पूर्ण बंद करू नका. न उघडलेले इन्सुलिन फ्रिजमध्ये डब्यात, नाव लिहून ठेवा. मागच्या भिंतीला टेकवू नका, ते गोठून निकामी होते.
- फिट्स: कुशीवर वळवावे, तोंडात चमचा किंवा बोट घालू नये, कांदा-चप्पल हुंगवू नये, घड्याळ पाहावे. पाच मिनिटांत थांबली नाही किंवा ही पहिलीच फिट असेल तर ९९९. बाथरूमची कडी आतून लावू नका, बाहेर पाटी लावा.
- दमा: पंप कुठे ठेवला आहे हे दुसऱ्याला माहीत हवे.
- शेंगदाणे किंवा इतर पदार्थांची अ‍ॅलर्जी: भांडी आणि तवा वेगळे ठेवा, आणि का ते सांगा.

मन आणि झोप

पहिल्या काही आठवड्यांत घरची आठवण येणे, रडू येणे, झोप विस्कटणे हे होतेच. बहुतेकांचे ते हळूहळू निवळते. दोन आठवड्यांपेक्षा जास्त काळ बहुतेक दिवस उदास वाटत असेल, आंघोळ-जेवण टळत असेल, वर्गात जाणे थांबले असेल, तर ती 'सवय होईल' म्हणून सोडण्याची गोष्ट नाही. जीपी यावरही उपचार करतात. विद्यापीठांत बहुधा मोफत समुपदेशन असते. आपण जगून काय उपयोग असे विचार येत असतील तर त्याच क्षणी कोणाशी तरी बोला: इंग्लंडमध्ये १११ वर मानसिक आरोग्यासाठी पर्याय २ निवडा, किंवा समॅरिटन्स या संस्थेच्या ११६ १२३ या मोफत क्रमांकावर फोन करा. स्वतःला इजा केली असेल किंवा करण्याच्या बेतात असाल तर ९९९.

साधे उपाय कमी लेखू नका. दिवसा उजेड असताना अर्धा तास बाहेर चाला. रात्रपाळीचे काम करत असाल तर झोपेचे तास ठरवा. आठवड्यातून एक जेवण घरातल्या सर्वांनी एकत्र करा. पिठले-भात असला तरी चालेल. एकत्र जेवणारी माणसे एकमेकांचे उतरलेले तोंड ओळखतात.

भारतातील आई-वडिलांसाठी

वेळेचा फरक उन्हाळ्यात साडेचार आणि हिवाळ्यात साडेपाच तासांचा असतो. 'जेवलास का' याचे उत्तर नेहमी 'हो' येते. त्याऐवजी 'आज काय शिजवलंस', 'घरात आज कोण कोण होतं' असे विचारा. मुलांचा पत्ता पोस्टकोडसह आणि निदान एका फ्लॅटमेटचा नंबर, त्याच्या परवानगीने, तुमच्याकडे हवा. दोन दिवस फोन लागला नाही तर तुम्ही पुण्यातून किंवा नांदेडातून दार वाजवू शकत नाही, तो वाजवू शकतो. आणि फोनवर लक्षणे ऐकून इथल्या केमिस्टकडचे औषध सुचवू नका. 'तिथल्या डॉक्टरला दाखव, पैसे लागणार नाहीत' एवढे ठामपणे सांगा.

फ्रिजवर लावायची चिठ्ठी

राहायला गेल्यापासून पहिल्या रविवारपर्यंत एका कागदावर हे लिहून सामाईक फ्रिजच्या दारावर लावा:

1. घराचा पूर्ण पत्ता आणि पोस्टकोड. घाबरलेल्या माणसाला फोनवर तो आठवत नाही.
2. ९९९, १११, गॅससाठी ०८०० १११ ९९९.
3. प्रत्येकाचे नाव आणि घरच्या एका व्यक्तीचा नंबर.
4. बॉयलर आणि गॅसचा मुख्य कॉक कुठे आहे.
5. 'ताप असेल तर सांग. दोन दिवस दिसला नाहीस तर आम्ही दार वाजवू.'

पाचवी ओळ लिहिण्याआधी सर्वांशी एकदा बोलून घ्या. बहुतेक घरांत ती दुसऱ्या कोणालाही हवीच असते, फक्त आधी कोणी सुचवत नाही.

*ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. तुमच्या आजाराबाबत आणि औषधांबाबतचे निर्णय तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्या.*